सर्वांगासन: भार खांद्यांवर, मान मोकळी

खांद्यांवर तोलून धड आणि पाय सरळ वर उभे करायचे ते सर्वांगासन. त्यातून उतरल्यावर मान आखडत असेल, तर आसनाची मांडणी चुकते आहे असं खुशाल समजावं. "होईल सवय" म्हणून तसंच रेटणारे बरेच असतात. पण अशा दुखण्याची सवय मानेला लावायची नसते. मांडणी बदलायची असते.

चूक कुठे होते ते आधी पाहू. सपाट जमिनीवर उताणं झोपून धड सरळ उभं केलं, तर मान आणि धड यांच्यात काटकोन व्हावा लागतो. निरोगी माणसाची मान पुढे साधारण ५० अंश वाकते. उरलेला वाक पाठीच्या वरच्या मणक्यांनी द्यायचा असतो, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा नेमका तोच भाग ताठरलेला असतो. मग एक तर धड मागे कलतं आणि सगळा भार मनगटांवर येतो, किंवा धड उभं राहतं आणि भार मानेच्या मणक्यांवर पडतो. मानेच्या तळाशी हाताला लागणारं टोकदार हाड म्हणजे सातवा मणका. तो जमिनीवर दाबला जात असेल, तिथली त्वचा लाल होत असेल, तर भार नको तिथे गेला आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. खांदे दोन-तीन इंच उंच ठेवायचे आणि डोकं त्याखाली जमिनीवर सोडायचं. डोकं खालच्या पातळीवर गेलं की मानेला कमी वाकावं लागतं आणि धड सरळ वर जाऊ शकतं. चादरींच्या घड्या, पट्टा, खुर्ची ही साधनं पुण्यात योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगारांनी रुळवली, १९७५ साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतून ती जगभर गेली. चादरी घेणं म्हणजे कच्चेपणा, असा समज अजून काही वर्गांत दिसतो. अय्यंगारांच्या संस्थेत वर्षानुवर्षं सराव केलेली माणसंही चादरी घेऊनच सर्वांगासन करतात, एवढं त्यावर पुरे.

आधी हे तपासा

रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नसेल, पक्षाघात होऊन गेला असेल, मानेतली गादी सरकलेली असेल किंवा मानेचा स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, कानाचा संसर्ग चालू असेल, तर पूर्ण सर्वांगासन करू नये. गलगंड असेल तरीही नको. अन्ननलिकेत आम्ल वर येण्याचा त्रास असणाऱ्यांना उलटं होताच जळजळ सुरू होते. त्यांनी पुढे सांगितलेली भिंतीची विपरीतकरणी करून पाहावी, तीही सोसली तरच.

डोळ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. उलटं झालं की डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो असं मोजून पाहिलेलं आहे. निरोगी डोळ्यात खाली आल्यावर तो लवकरच पूर्ववत होतो. काचबिंदूत मात्र नसेचं आधीच नुकसान होत असतं आणि सुरुवातीला माणसाला त्याचा पत्ता नसतो. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर उलटी आसनं सुरू करण्यापूर्वी एकदा डोळ्यातला दाब तपासून घ्या. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा पडदा सुटल्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नका.

पाळीच्या दिवसांत उलटी आसनं न करण्याचा प्रघात आहे आणि अय्यंगार पद्धतीत तो कटाक्षाने पाळतात. अपाय होतोच असा भक्कम वैद्यकीय पुरावा नाही, पण त्या दिवसांत उताणं झोपून करायच्या आधाराच्या आसनांनी जास्त बरं वाटतं हा बहुतेकींचा अनुभव. गरोदरपणात ही आसनं नव्याने शिकायला घेऊ नयेत.

आणि थायरॉइड. हनुवटीने कंठ दाबला की ग्रंथी सुरळीत चालू लागते, असं सांगणारे जागोजागी भेटतात. आसनाच्या भरवशावर थायरॉइडची गोळी बंद करू नका, कमीही करू नका. सर्वांगासन त्याशिवायही करण्याजोगं आहे.

साहित्य आणि मांडणी

सुती, घट्ट विणीच्या तीन-चार चादरी लागतात. सोलापुरी चादर यासाठी उत्तम: जड असते, घसरत नाही, घडी धरून ठेवते. मऊ ब्लँकेट, रजई, फोमची उशी यांचा उपयोग नाही, कारण भार पडला की ती दबतात आणि खांदे एकसारखे राहत नाहीत. प्रत्येक चादरीची साधारण दोन फूट रुंद आणि अडीच फूट लांब अशी घडी करा. खांदे, कोपरं आणि पाठ तिच्यावर मावली पाहिजेत. घड्या एकावर एक रचा. बंद कडा डोक्याच्या बाजूला आणि सगळ्या एका रेषेत याव्यात. उघड्या, दशांच्या कडा दुसरीकडे. तळहाताने जोराने दाबून पाहा: दाबल्यावरही दोन ते तीन इंच जाडी राहिली पाहिजे. लांब मानेच्या माणसाला एखादी चादर जास्त लागते, आखूड मानेच्या माणसाला कमी.

कोपरांच्या जागी, घड्यांवर, योगाच्या चटईचा तुकडा टाका म्हणजे कोपरं सरकणार नाहीत. डोक्याखाली मात्र चिकट चटई नको. डोकं तिथे चिकटलं तर वर जाताना मानेची त्वचा ताणली जाते. फरशीवर पातळ सुती कापड पुरे.

पट्टा सुती असावा, कडीचा किंवा बकलाचा. त्याचं कडं खांद्यांच्या रुंदीएवढं करून ठेवा: दोन्ही हात समोर, एकमेकांना समांतर धरले असता कोपरांच्या किंचित वर ते बेताचं बसलं पाहिजे. पट्टा नसेल तर जुनी ओढणी गाठ मारून चालते. नाडा दंडात रुततो.

शेवटच्या जेवणाला निदान तीन-चार तास झालेले असावेत. चष्मा, कानातलं, मंगळसूत्र, साखळी काढून ठेवा. अंबाडा सोडा, केसांतल्या पिना काढा. डोक्यामागे गाठ असली की डोकं एका बाजूला कलतं आणि ते आपल्याला कळतही नाही. सदरा किंवा टी-शर्ट आत खोचा, नाहीतर तो तोंडावर येतो आणि मान हलवून तो बाजूला करण्याचा मोह होतो. वर गेल्यावर मान वळवायची नाही. हा एक नियम न मोडता पाळावा.

भिंतीच्या आधाराने पहिले दोन-तीन आठवडे

घड्यांचा ढीग भिंतीपासून किती दूर ठेवायचा हे मापून घ्या. भिंतीकडे बूड करून उताणं झोपलात की नितंब भिंतीपासून वीतभर अंतरावर, आणि खांदे ढिगाच्या बंद कडेपासून दीड-दोन इंच आत आले पाहिजेत. डोकं ढिगाबाहेर, जमिनीवर. भिंतीला अंग लावून आडवं बसा, हातांचा आधार घेत वळा, पाय भिंतीवर टेका.

गुडघे वाकवून तळवे भिंतीवर ठेवा. श्वास सोडत, पायांनी भिंत दाबत नितंब उचला. मांड्या उभ्या आणि पोटऱ्या जमिनीला समांतर येईपर्यंत उचलत राहा. आता एक खांदा किंचित उचलून त्याची बाहेरची कड पाठीखाली वळवा, मग दुसरा. कोपरं वाकवून तळहात पाठीला लावा, बोटं नितंबांकडे. इथे थांबा. वीस-तीस सेकंद श्वास मोकळा चालला तर एक पाय भिंतीपासून सोडवून सरळ वर न्या, मग तो भिंतीवर आणून दुसरा. दोन्ही पाय एकदम सोडण्याची घाई नको.

या टप्प्यावर घरातल्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. मानेच्या मागची जागा पोकळ दिसली पाहिजे. दोन बोटं सहज आत जातील एवढी. जात नसतील तर खाली या आणि एक चादर वाढवा.

हलासनातून वर

भिंतीचा सराव स्थिर झाला की ढीग मोकळ्या जागेत घ्या आणि डोक्याच्या बाजूला, हात पुरेल अशा अंतरावर, एक स्टूल किंवा खुर्ची ठेवा. पाय जमिनीला टेकत नसतील तर ते तिच्यावर टेकायचे.

ढिगावर झोपून गुडघे वाकवा, टाचा नितंबांजवळ आणा. पट्ट्याचं कडं एका हातात आधीच अडकवून ठेवा. दोन्ही हात अंगालगत, तळवे खाली. दंडांची मागची बाजू जमिनीकडे दाबत, श्वास सोडत गुडघे छातीकडे आणा आणि त्याच ओघात नितंब उचला. हिसका द्यावा लागत असेल तर पोटापेक्षा दंडांचा जोर कमी पडतो आहे. ढीग उंच असल्याने वर जाणं सोपं जातं, तेव्हा जोर लावण्यापेक्षा वेळ साधा.

नितंब वर गेले की हात पाठीला लावून पाय डोक्यामागे स्टुलावर किंवा जमिनीवर न्या. हे हलासन. पुढचं सगळं काम इथे होतं, आणि बहुतेक जण नेमकी इथेच घाई करतात. हात पाठीमागे सरळ करून बोटं एकमेकांत गुंफा. डावा खांदा आत वळवा, मग उजवा, पुन्हा डावा. खांद्याची वरची बाजू नव्हे, बाहेरची कड टेकायला हवी. दोन-तीनदा असं केलं की छाती हनुवटीकडे येते. दुसरा हातही पट्ट्याच्या कड्यात सरकवा. पट्टा कोपरांच्या किंचित वर. मग कोपरं वाकवून तळहात पाठीला, जमेल तितके खांद्यांच्या पात्यांजवळ लावा. आसनात उलटे असल्यामुळे पात्यांजवळ म्हणजे जमिनीजवळ. हात कमरेला असतील तर नुसते नितंब तोलले जातात आणि छाती ढासळते.

आता गुडघे वाकवून एकेक पाय वर न्या, किंवा दोन्ही एकत्र. मांड्या आधी उभ्या करा, मग गुडघे सरळ. टाचा, नितंब आणि खांदे एका उभ्या रेषेत. मांड्यांचा पुढचा भाग घट्ट, माकडहाड पुढे, पायांचे चवडे उघडे. नजर छातीकडे. गळा, जबडा, जीभ सैल. श्वास नाकाने, सुरात. घशातून घरघर येऊ लागली की छाती खचली असं समजा.

काय बिघडतं आणि का

कोपरं बाहेर फाकणं ही सर्वांत सामान्य अडचण. छातीच्या आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूंना ताठरपणा असला की दंड मागे जात नाहीत. कोपरं बाहेर पळतात, हातांचा टेकू जातो, धड मागे कलतं आणि मनगटं दुखतात. पट्टा इथे काम करतो, पण पट्ट्याने अडवूनही कोपरं अधांतरी उचलली जात असतील तर त्यांच्याखाली आणखी एक पातळ घडी घाला. खांद्यांपेक्षा कोपरं किंचित उंच झाली की ती टेकतात आणि पाठ आपोआप वर ढकलली जाते. त्यासोबत रोज दोन मिनिटं उभं राहून हात पाठीमागे गुंफून ताणा; महिनाभरात फरक दिसेल.

दुसरी अडचण केळीसारख्या बाकाची. नितंब मागे, पाय डोक्यावर कललेले. पुष्कळांना आपण अगदी सरळ आहोत असंच वाटत असतं, कारण उलटं झाल्यावर शरीराचा अंदाज चुकतो. मोबाइल बाजूला उभा करून फोटो काढा, त्यावर विश्वास ठेवा. कारण बहुधा दोनपैकी एक: हात कमरेजवळ लावले आहेत, किंवा मांड्या ढिल्या आहेत. हलासनात परत जाऊन हात पुन्हा लावा. वर असतानाच ओढाताण करून नितंब पुढे ढकलू नका, त्याने भार मानेवर जातो.

चेहरा लालबुंद होणं, गळा आवळल्यासारखा वाटणं, डोळ्यांत किंवा कानांत दाब जाणवणं. यात सहन करण्यासारखं काही नाही, खाली या. पुढच्या वेळी उंची वाढवा आणि हनुवटी छातीकडे ओढण्याऐवजी छातीचं हाड हनुवटीकडे न्या. हालचाल छातीची असते, डोकं जागचं हलत नाही. उंची वाढवूनही दाब येतच राहिला तर डॉक्टरांना विचारा, तोवर विपरीतकरणीवर थांबा.

पाय एका बाजूला वळलेले दिसतात? दोन्ही पायांचे अंगठे छातीच्या हाडाच्या रेषेत आहेत का पाहा. बहुतेक वेळा एक खांदा कमी वळवलेला असतो, किंवा ढिगाची एक बाजू दबलेली असते. चादरी कडेला धरून पुन्हा झटकून घड्या केल्या तरी हे सुटतं.

बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा सैल करा. पट्टा नसतानाही येत असतील, विशेषतः एकाच हाताला, तर मानेतली नस दबत असण्याची शक्यता धरून थांबा.

खांदे कडेवरून डोक्याच्या दिशेने घसरत असतील तर सुरुवातीला जास्त आत झोपा आणि घामट, गुळगुळीत कापडाचा सदरा बदला. मान ढिगावर चढली की उंचीचा सगळा फायदा गेला. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं तर गुडघे वाकवून लगेच खाली या. वर असताना खोकणं मानेला झटका देतं.

उतरताना

घाईने पाय टाकून उतरण्यात मानेला जेवढा धोका आहे, तेवढा वर जाण्यात नाही. गुडघे वाकवा, हलासनात या, पट्टा काढा. हात मागे लांबवून तळवे जमिनीवर दाबा आणि एकेक मणका टेकवत खाली या. डोकं उचलायचं नाही. ते उचललं जात असेल तर गुडघे आणखी वाकवा. पाठ टेकली की पायांनी रेटत डोक्याच्या दिशेने सरका, खांदे जमिनीवर आणि कंबर चादरींवर येईपर्यंत. तिथे मिनिटभर पडा. मग कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा.

हलासन आणि बाकीची मंडळी

हलासन हे स्वतंत्रपणेही करावं. गुडघे ताठ, पायांची बोटं आत वळवून टेकलेली, माकडहाड वर. पाय जमिनीला टेकवण्याच्या नादात पाठ गोल झाली तर त्यात फायदा नाही. त्यापेक्षा पाय स्टुलावर ठेवून पाठ उभी ठेवलेली बरी. सर्वांगासनाच्या निम्मा वेळ पुरतो.

थकव्यासाठी, डोकं शांत होण्यासाठी या सगळ्यांत उत्तम म्हणजे आधाराचं अर्धहलासन. खुर्चीच्या बैठकीवर घडी घालून दोन्ही मांड्या तिच्यावर पूर्ण टेकवायच्या. डोकं खुर्चीखाली, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना सैल, कोपरांत वाकलेले. धड उभं, मांड्या आडव्या. खुर्ची कमी उंचीची असेल तर चादरी वाढवून मांड्यांच्या पातळीला आणा. हे पाच मिनिटंही सहज होतं.

कर्णपीडासनात गुडघे वाकवून कानांजवळ टेकवतात. पाठ इथे गोल होणारच, आणि मानेवर भार वाढणारच. हलासन दोन-तीन महिने निर्वेध झाल्यावरच हे घ्या आणि पंधरा-वीस सेकंदांवर थांबा.

एकपाद सर्वांगासनात एक पाय डोक्यामागे खाली येतो, दुसरा उभाच राहतो. खालच्या पायाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण आसन वरच्या पायात आहे. तो पुढे कलला किंवा कंबर एका बाजूला खचली की खालचा पाय जमिनीला लागूनही उपयोग नाही. जिथवर वरचा पाय हलत नाही तिथवरच खालचा न्या.

सर्वांगासनातून थेट मागे सेतुबंधात उतरणं वर्गातच, शिक्षक समोर असताना शिका. मनगटांवर अचानक भार येतो. घरी करायचं असेल तर जमिनीवरून करा: उताणं झोपून नितंब उचला आणि कमरेखालच्या त्रिकास्थीखाली लाकडी वीट ठेवा, आधी आडवी, मग उभी. योगदिनाच्या सरकारी क्रमात सर्वांगासन नाही, सेतुबंधासन आहे. मैदानावर सतरंजी टाकून शेकडो अनोळखी माणसांकडून सर्वांगासन करून घ्यायचं नसतं, तेव्हा हा निर्णय योग्यच.

खुर्चीतलं सर्वांगासन

मान नाजूक असलेल्या, वजन जास्त असलेल्या किंवा पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्या माणसाला हेच आधी शिकवावं असं आमचं मत आहे. खुर्ची लोखंडी, घडीची, भक्कम हवी. प्लास्टिकची अजिबात नको. तिचे पाय फाकतात.

खुर्ची चटईवर ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. बैठकीवर घडी घाला, ती पुढच्या कडेवरून थोडी खाली लोंबू द्या. खुर्चीच्या पुढच्या पायांना लागून, आडवा, एक लोड किंवा तीन-चार चादरींचा ढीग ठेवा. खुर्चीत उलटं, म्हणजे पाठीकडे तोंड करून बसा आणि दोन्ही पाय तिच्या पाठीवर टाका. खुर्चीच्या कडा धरून नितंब पाठीजवळ ठेवतच हळूहळू मागे झुका. हात कडांवरून पुढच्या पायांवर सरकत न्या. खांदे लोडावर आणि डोकं जमिनीवर टेकेपर्यंत हात सोडू नका. मग एकेक हात खुर्चीच्या पुढच्या पायांमधून आत घालून मागचे पाय धरा. नितंब बैठकीवरच. आता पाय सरळ वर करा, किंवा पोटऱ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवूनच राहा.

नितंब कडेवरून खाली ओघळत असतील तर सुरुवातीला पुरेसे मागे बसला नव्हता. डोकं हवेत राहत असेल तर लोड जास्त उंच आहे, किंवा डोक्याखाली घडी हवी. उतरताना पायांचे तळवे खुर्चीच्या पाठीवर टेका, हात सोडा आणि सरकत खाली या. नितंब लोडावर, पोटऱ्या बैठकीवर. दोन मिनिटं तसंच पडून राहा. पहिल्यांदा करताना जवळ कुणीतरी असू द्या.

विपरीतकरणी

हठप्रदीपिकेत सर्वांगासन या नावाने आसन नाही. तिसऱ्या उपदेशात विपरीतकरणी येते, मुद्रा म्हणून. नाभी वर, टाळू खाली. पहिल्या दिवशी क्षणभर करावी आणि मग रोज थोडी वाढवावी, असं तिथे सांगितलं आहे. घड्याळाच्या काट्याकडे बघत पाच मिनिटं रेटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जमिनीवर करताना कोपरं टेकवून तळहात नितंबांखाली, कटीच्या हाडांना लावतात. धड जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंशांवर, पाय उभे. मान थोडीच वाकते, हनुवटी छातीला भिडत नाही. त्यामुळे चादरी लागत नाहीत, पण मनगटं मजबूत हवीत.

भिंतीची, आधाराची विपरीतकरणी तर कुणालाही जमते. भिंतीपासून चार-पाच इंच सोडून लोड आडवा ठेवा, त्यावर कंबर, पाय भिंतीवर उभे, खांदे आणि डोकं जमिनीवर. ही फट महत्त्वाची: माकडहाड तिथे किंचित खाली झुकलं की पोट मोकळं होतं. मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जात असतील तर लोड भिंतीपासून आणखी दूर न्या. पाच ते दहा मिनिटं. पायांना मुंग्या आल्या तर मांडी घाला. उतरताना लोडावरून मागे सरका. कुशीवर वळताना लोडावरून खाली पडू नका.

किती वेळ, कशानंतर काय

पहिल्या आठवड्यात वीस-तीस सेकंद, दोनदा. मग दर आठवड्याला अर्धा मिनिट वाढवा. पाच मिनिटांवर पोहोचायला तीन महिने लागले तरी बिघडत नाही. चेहरा आणि श्वास शांत आहेत तोवरच वेळ मोजायचा. ते बिघडले की पुढची मिनिटं जमेस धरायची नाहीत.

शीर्षासन करत असाल तर ते आधी, सर्वांगासन नंतर. उलट क्रमाने नाही. शीर्षासन करून सर्वांगासन टाळूही नये. त्याने मान ताठर राहते आणि चिडचिड होते, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. सर्वांगासन एकटं केलं तर चालतं. शीर्षासन पुस्तक वाचून शिकायचं आसन नाही, म्हणून इथे त्याच्या पायऱ्या देत नाही.

सर्वांगासनानंतर मत्स्यासन (उताणं झोपून छाती उचलायची आणि डोकं मागे टेकवायचं) करावं की नाही यावर दोन पंथ आहेत. पुष्कळ परंपरांत ते लगेच करतात, मान उलट दिशेला मोकळी व्हावी म्हणून. अय्यंगार पद्धतीत तसा आग्रह नाही; हलासन, सेतुबंध आणि मग पश्चिमोत्तानासन (बसून पायांवर पुढे वाकणं) किंवा शवासन असा क्रम ठेवतात. पुढे पूर्ण वाकलेली मान क्षणात पूर्ण मागे फेकणं आम्हाला पटत नाही. मत्स्यासन करायचंच असेल तर मध्ये मिनिटभर सपाट पडा, आणि भार टाळूवर न देता कोपरांवर ठेवा.

दुसऱ्या दिवशी खांद्यांच्या मागे, पात्यांमध्ये किंवा दंडांत दुखलं तर ते नव्या कामाचं दुखणं. दोन दिवसांत जातं. मानेच्या मधोमध दुखलं तर दुखणं पूर्ण थांबेपर्यंत सर्वांगासन बंद, आणि पुन्हा सुरू करताना भिंतीपासून, एक चादर वाढवून. दुखणं हातात उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, चक्कर येत असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर चादरींचे प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.